बारकोडचे अंक संगणकाच्या तक्त्यांत कां बिघडतात?

जनावरांच्या कानांतील पिवळा बिल्ला आतां पुष्कळ गोठ्यांत आढळतो. त्यावर १२ अंकी क्रमांक व बारकोडच्या पट्ट्या छापलेल्या असतात. लसीकरणाची नोंद व विम्याचा दावा यांस हाच क्रमांक लागतो. हे बिल्ले स्कॅनरनें वाचून एक्सेलच्या तक्त्यांत घेतले असतां पुष्कळदां १२३४५६७८९०१२ च्या जागीं १.२३४५७ई+११ असें कांहीं तरी दिसतें, आणि दोष स्कॅनरच्या माथीं मारला जातो. तो बिचारा बहुधा निर्दोष असतो.

स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीनें एक जलद टंकलेखकच होय. एक्सेल मात्र अंक दिसतांच त्यांस रक्कम समजतें. वस्तुतः बिल्ल्याचा क्रमांक हें नांव आहे. गट नंबरांची बेरीज कोणताहि तलाठी करीत नाहीं. (नुसतें ७/१२ लिहिल्यास हाच तक्ता त्याची तारीख करून टाकतो, यावरून त्याची समज ओळखावी.)

येथें दोन प्रकार निराळे ओळखणें अगत्याचें आहे. १२ अंकी बिल्ल्याचें केवळ दिसणें बिघडतें. अंक आंत शाबूत असतात. रकाना 'नंबर' प्रकारचा करून दशांशस्थळें शून्य ठेविलीं व तो पुरेसा रुंद केला कीं क्रमांक पूर्ववत् दिसतो. परंतु एक्सेल पहिले १५ अंकच सांभाळतें. निर्यातीच्या द्राक्षांच्या पॅलेटवरील क्रमांक १८ अंकी असतो. त्याच्या शेवटच्या तीन अंकांचीं शून्यें होतात. लागोपाठच्या पॅलेटांत फरक बहुधा शेवटींच असल्यानें अनेक पॅलेटांचा क्रमांक एकच होऊन बसतो. मागाहून रकान्याचा प्रकार कितीहि बदलला तरी गेलेले अंक परत येत नाहींत; माल रवाना होण्यापूर्वीं फिरून स्कॅन करणें भाग पडतें. क्रमांकाच्या आरंभींचीं शून्येंहि अशींच गळतात.

यास्तव रकाना स्कॅन करण्यापूर्वींच 'टेक्स्ट' प्रकारचा करावा. दुसऱ्याकडून आलेली सीएसव्ही फाईल थेट उघडूं नये. 'डेटा' मेनूंतून आंत घेऊन त्या वेळीं रकाना टेक्स्ट ठरवावा. २०२३ पासून एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत हें आपोआप होणारें रूपांतर बंद करण्याची सोयहि आहे. इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरी अक्षरें उमटूं लागलीं तर कळफलक मराठीवर राहिला आहे असें समजावें.

पहिला बिल्ला स्कॅन होतांच पट्ट्यांखालीं छापलेला क्रमांक तक्त्याशीं शेवटच्या अंकापर्यंत ताडून पाहावा, मगच पुढचें जनावर आणावें.