चढणीवरचं चाक

२०२५च्या गणपतीत कोकण रेल्वेने मोटारी वाहून नेणारी रो-रो गाडी काढली. कोलाड ते वेर्णे, एका मोटारीला ७,८७५ रुपये. मधला थांबा मिळाला तो सिंधुदुर्गातल्या नांदगावला. रत्नागिरी जिल्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडून गाडी पुढे गेली, कारण मोटार वॅगनवर चढवायची सोय आमच्याकडे नाही. चाकरमान्यांनी नेत्यांना शिव्या घातल्या आणि नेत्यांनी निवेदनं दिली. मला त्यात नवल वाटलं नाही. गाडीवर गाडी चढवायला जो दहा-पंधरा फुटांचा उतार लागतो, त्याची फिकीर या जिल्ह्यात कोणत्याच खात्याने कधी केलेली नाही.

आगबोटींच्या काळावर पुष्कळ उमाळे काढून झाले आहेत, मी भर घालत नाही. तेव्हा माणसं, ट्रंका आणि आंब्याच्या पेट्या पडावातून बोटीवर जात. चाकांचा प्रश्नच नव्हता. २६ जानेवारी १९९९ला कोकण रेल्वेने ट्रकांची रो-रो सुरू केली. भरलेले ट्रक उतारावरून सपाट वॅगनींवर एकामागोमाग चढू लागले, ही देशात नवलाईची गोष्ट होती. पण ती कोलाडला. आम्ही रुळाशेजारी उभं राहून बघायचो.

आमची खरी रो-रो चालायची दाभोळच्या खाडीत, आणि तिचा काळ म्हणजे एन्रॉनचं दशक. कंपनीचं नाव दाभोळ आणि वीजप्रकल्प मात्र खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. १९९९च्या मेमध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१च्या मेमध्ये बंदही पडला. त्या काळात पेपरांचे रकानेच्या रकाने या प्रकल्पावर भरले. मोर्चे, मंत्री, कोर्ट, करार सगळं आलं. स्कूटर घेऊन दापोलीकडून गुहागरकडे जाणाऱ्या माणसापुढे मात्र दोनच वाटा होत्या: खेड-चिपळूणचा मोठा वळसा, नाहीतर होडीला लावलेली फळी.

त्या फळीचं एक शास्त्र होतं. फळी जाड, तिच्यावर वीतभर अंतराने आडव्या रिपा ठोकलेल्या. रिपा झिजल्या की वर गोणपाट अंथरायचं, आणि ते घसरू नये म्हणून वरची कड होडीच्या काठाला बांधायची. खाली ओला चिखल असेल तर वाळू किंवा चिऱ्याचा भुगा टाकायचा. त्यावरून बजाज चेतक चढवायची. चेतकची चाकं दहा इंची, इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे गाडी उजवीकडे कलायला टपलेलीच. नवखा माणूस भीतीने रेस वाढवायचा, मागचं चाक जागच्या जागी गरगरायचं आणि चिखलाचा फवारा ढकलणाऱ्याच्या तोंडावर. मग खलाशी ओरडायचा, "ओ मास्तर, रेस सोडा! हाफ क्लचवर घ्या!" आणि मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी, "दादा, लोटू नका नुसते, मागच्या शिटावर भार द्या." भार पडला की चाक रीप पकडायचं आणि गाडी शहाण्यासारखी वर यायची.

चाकाची पकड दोनच गोष्टींवर ठरते: ओढणाऱ्या चाकावर किती भार आहे आणि खालची जमीन किती खरखरीत आहे. हे त्या खलाशाला कुठल्या अभियंत्याने शिकवलं नव्हतं. बर्फाच्या देशांत लोक बर्फावरची स्कूटर ट्रेलरवर चढवतात, तिथेही हीच पंचाईत. पुढच्या पट्ट्या सरकायला हव्यात आणि मागचा पट्टा रुतायला हवा. म्हणून ते पुढच्या पट्ट्यांखाली गुळगुळीत प्लास्टिक लावतात आणि मधोमध रबरी दातेरी चटई. आमचं गोणपाट त्याच घराण्यातलं.

२००३मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि फळीचं युग संपलं. ट्रक, एसटी, मोटारी सरळ बोटीत जाऊ लागल्या. मागाहून जयगड-तवसाळला आणि बाणकोटच्या खाडीतही फेरीबोटी आल्या. या सोयीचं ऋण मान्य आहे. दुखणं आहे ते धक्क्याच्या उताराचं. भरती-ओहोटीने तो उतार दिवसातून दोनदा भिजतो आणि दोनदा उघडा पडतो. ओहोटीला नेमका खालचा, शेवाळलेला भाग चाकाखाली येतो आणि बोटीतून धक्क्यावर टेकणारा लोखंडी पत्राही जास्त तिरका लागतो.

एका धक्क्याचं काँक्रीट ओतताना मी हजर होतो. गवंडी थापीने उतार आरशासारखा घोटत होता. "खाचा पाड रे, गाडी घसरेल," म्हटलं तर ठेकेदाराने मलाच समजावलं, "फिनिशिंग दिसायला नको का? पाहुणे यायचेत." उद्घाटनाला लोखंडी पत्र्यावर ऑइल पेंटही फासला. पहिल्याच पावसात एक दुचाकी नवरा-बायकोसकट आडवी झाली. पुढे कुणीतरी पत्र्यावर आडव्या सळ्या वेल्डिंग करून घेतल्या, तेव्हा कुठे सुटका झाली. ते शहाणपण टेंडरमध्ये कधी आलं नाही.

आता खलाशांची जुनी पिढी उतरली आणि ड्रायव्हरही बदलले. ॲम्बॅसिडर, ट्रॅक्स, ओम्नी मागच्या चाकांनी ओढायच्या. चढावर भार मागेच जातो, त्यामुळे त्यांचं निभायचं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारींचं उलटं, चढावर त्यांचं नाक हलकं होतं. जुने खलाशी अशी गाडी अडली की वळवून रिव्हर्समध्ये चढवायला लावत. आज मुंबईचा पाहुणा पायाखालचा पेडल दाबत बसतो, डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो आणि शेवाळ आपलं काम करतं. ती यंत्रणा चाकाचं गरगरणं आवरते, नसलेली पकड निर्माण करत नाही.

रेवस-रेडी सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल होणार आहेत. जरूर व्हावेत. पण कोकणातल्या पुलांचा वेग पाहता तोवर बऱ्याच पावसाळ्यांत बोटीच चालवाव्या लागतील. मेअखेरीस प्रत्येक धक्क्याचा उतार तारेच्या ब्रशने खरवडा. नवीन काँक्रीट ओलं असतानाच त्यात तिरप्या खाचा पाडा, म्हणजे पाणीही निथळेल. बोटीच्या पत्र्यावर सळ्या लावा, रंग लावू नका. याला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. एक मजूर, एक वेल्डर आणि ओहोटीची वेळ पाहून केलेला एक दिवस पुरतो.