आपलं गाऱ्हाणं : रोजच्या प्रार्थनेची घडण

मागच्या व्याख्यानानंतर एक ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, प्रार्थना म्हणजे काय, हे तुम्ही तासभर सांगितलंत. पण उद्यापासून मी नेमकं करू काय?" प्रश्न अगदी रास्त होता, आणि आमच्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं. आजचं बोलणं त्या उत्तरासाठी आहे.

सुरुवात मालवणापासूनच करू. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ सालचा, आणि तो इथला, मालवणचा. संस्कृतचे एवढे मोठे पंडित, पण मंत्र पाठ आहेत म्हणजे प्रार्थना झाली, असं त्यांनी मानलं नाही. १८६७ साली मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर हे पुढे त्याचे आधारस्तंभ झाले. मूर्तीशिवाय, एका ईश्वराची, आपल्याला समजणाऱ्या मराठीत उपासना करायची आणि तुकोबांसारख्या संतांच्या अभंगांचा आधार घ्यायचा, अशी ती रीत. त्यांची एक भूमिका लक्षात ठेवा : प्रार्थनेने ऐहिक फळ मिळत नाही, आत्म्याची उन्नती होते. म्हणजे पाऊस दे, धंदा चालू दे, असं मागण्यासाठी प्रार्थना नव्हे.

आता याच मातीतली दुसरी रीत बघा. आपलं गाऱ्हाणं. देवळासमोर जाणता माणूस उभा राहतो, ग्रामदेवतेला हाक मारतो, आजूबाजूच्या देवांची नावं घेतो, आज कशासाठी जमलो ते सांगतो, पोराबाळांचं, गुराढोरांचं, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचं रक्षण कर म्हणतो, चूकभूल झाली असेल तर पदरात घे म्हणतो. प्रत्येक वाक्याला गाव म्हणतं, "व्हय म्हाराजा!" इथे तर सगळं मागणंच आहे.

मग बरोबर कोण? भांडारकर की आपला गाव?

आम्ही जवळजवळ चाळीस वर्षं भांडारकरांच्या बाजूचे होतो. वर्गात कांट शिकवायचो. आपल्या इच्छा ईश्वराला सांगायची गरजच काय, त्याला त्या ठाऊक नाहीत का, हा कांटचा १७९३ सालचा आक्षेप आम्ही मोठ्या चवीने मांडायचो. मग आमची पत्नी आजारी पडली. एका रात्री रुग्णालयाच्या जिन्यात बसून आम्ही मागणं मागितलं. कांट आठवला नाही, भांडारकर आठवले नाहीत. लहानपणी ऐकलेल्या गाऱ्हाण्याचेच शब्द तोंडात आले. तीन आठवड्यांनी ती गेली.

त्यानंतर बराच काळ आम्हाला प्रार्थना करता आली नाही. मागितलं ते मिळालं नाही, मग पुन्हा कशाला तोंड उघडा? तुमच्यापैकीही कुणी या जागी असेल. किनाऱ्यावरच्या घरांना हे सांगायला नको; होडीची वाट बघत केलेली प्रत्येक प्रार्थना फळते, असं थोडंच आहे.

या अडचणीत आम्हाला वेल्समधले तत्त्वज्ञ डी. झेड. फिलिप्स यांचा विचार उपयोगी पडला. त्यांचं प्रार्थनेवरचं पुस्तक १९६५ सालचं. ते साधारण असं म्हणतात : खोल प्रार्थनेतलं मागणं म्हणजे ईश्वराकडून काम करून घेण्याची युक्ती नव्हे. आपली तीव्र इच्छा आपण त्याच्यासमोर ठेवतो, आणि ती पुरी झाली नाही तरी आपलं आयुष्य त्या इच्छेखाली चिरडून जाऊ नये, हेही त्याच मागण्यात येतं. आम्हाला तो जिना आठवला. मागितलं नसतं, तर आम्ही किती घाबरलो होतो आणि ती आम्हाला किती हवी होती, हे आम्ही स्वतःशीही कबूल केलं नसतं. शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ खोटा धीर न दाखवता बसता आलं, ते त्या रात्रीमुळे.

म्हणून आमचं मत असं झालं : मागावं, पण सौदा करू नये. अमुक दे, मग तमुक करीन, हा व्यवहार झाला, आणि व्यवहार फसला की माणूस कडवट होतो. गाऱ्हाण्यात नवसही बोलला जातो, हे खरं. पण गाऱ्हाण्याचा गाभा सौद्यापेक्षा मोठा आहे. समोर उभं राहून खरं काय ते बोलणं, हा तो गाभा. तिथे गाव आणि भांडारकर फार लांब नाहीत. दोघंही आपल्या भाषेत बोलतात, आणि दोघांनाही पोपटपंची नको आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. गाऱ्हाण्याचीच घडण घेऊन रोजची प्रार्थना पाच पायऱ्यांत बांधता येते. सात-आठ मिनिटं पुरतात.

पहिली, हाक. ज्याला मानता त्याचं नाव घ्या. कुणालाच मानत नसाल, तर ज्याच्यापुढे खोटं बोलवणार नाही असं काहीतरी समोर ठेवा. दिवा, समुद्र, गेलेल्या आईची आठवण. दुसरी, आजचा दिवस. काय घडलं ते दोन-तीन वाक्यांत सांगा, सजवू नका. तिसरी, चूक. एकच, पण नेमकी. "मी वाईट आहे" असं मोघम बोलणं सोपं असतं. "दुपारी सुनेला टाकून बोललो" हे जड जातं. चौथी, मागणं. आधी दुसऱ्या कुणासाठी, नाव घेऊन; मग स्वतःसाठी. पाचवी, "व्हय म्हाराजा". म्हणजे मिनिटभर गप्प बसणं आणि जे आहे त्याला होकार देणं. घरात कुणी सोबत असेल, तर हा होकार त्याला देऊ द्या. एकट्याला तो स्वतःच द्यावा लागतो, आणि कधी कधी तो देववत नाही. त्या दिवशी नुसतं बसा.

वेळ कोणती? आमच्या मते दिवेलागण. घरोघरी तिन्हीसांजेला दिवा आणि परवचा होताच, ख्रिस्ती वाड्यांत संध्याकाळची घंटा असते, मशिदीत मग़रिबची अजान होते. या वेळेला आपल्या किनाऱ्यावर सवयीचं बळ आहे, ते फुकट घालवू नये. जागा रोज तीच ठेवा, बोला मोठ्याने, आणि घरात बोलता त्याच बोलीत. मालवणीत बोललं तर कमी पोचतं, असं काही नाही.

खाडा पडला तर? दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. "काल आलो नाही" एवढं दुसऱ्या पायरीत सांगा आणि पुढे चला. सवयी खाड्याने मोडत नाहीत, खाड्याच्या लाजेने मोडतात. शब्द कोरडे वाटतील असे आठवडेही येतील. आमचे तर महिने गेले. तेव्हा पाच पायऱ्यांचा उपयोग कळतो. मन येत नसलं तरी पाय ओळखीच्या वाटेने चालतात.

ताई आज आल्या असतील, तर त्यांना एवढंच सांगणं : उद्या सकाळची वाट बघायला नको. आज घरी गेल्यावर दिवा लावाल, तेव्हा पहिली हाक मारून बघा. पुढच्या वेळी काय झालं ते सांगा, आम्ही ऐकू. प्रश्न असतील तर आता विचारा.