घरातली रात्रपाळी

माझं माहेर बेळगावातलं शहापूर आणि सासर गोकाकचं. माहेरी मराठी, सासरी कन्नड. इथलं ‘अहो’ तिथं ‘री’ झालं, सासूबाई ‘अत्ती’ झाल्या. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. तीन महिने आईनं रात्री अंगावर घेतल्या. दूध पाजायचं तेवढं माझं काम. ढेकर काढणं, दुपटी बदलणं, खांद्यावर घेऊन फिरणं सगळं तिचं. बाळ रात्र रात्र जागवतं, हे मला नुसतं ऐकून माहीत होतं.

चौथ्या महिन्यात सासरी आले आणि खरी परीक्षा सुरू झाली. यांची सकाळी सातची ड्यूटी, अत्तींचे गुडघे दुखरे. उठवायचं कुणाला? मीच उठायची. दहाला, बाराला, दोनला, चारला. दिवसा बाळ झोपलं की भाकऱ्या, धुणं, पाहुणे. पंधरा दिवसांत अशी अवस्था झाली की गॅसवर दूध ठेवून विसरायची. बोलता बोलता शब्द आठवायचा नाही, ना मराठी ना कन्नड. साध्या गोष्टीवरून रडू यायचं.

एका पहाटे खुर्चीत बसून पाजताना डोळा लागला. जाग आली ती बाळाच्या किंकाळीनं. मांडीवरून घसरून ते खाली अंथरलेल्या गोधडीवर पडलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, कुठं लागलं नव्हतं. माझे हात मात्र दिवसभर थरथरत होते.

वाटलं, आता अत्ती बोलणार. त्या बोलल्याही, पण मला नाही, मुलाला! “तुझे वडील गिरणीत रात्रपाळी करून यायचे, तेव्हा दिवसा या घरात भांड्याचा आवाज होत नव्हता. ही रोज रात्रपाळी करते. हिला कोण झोपू देतं?” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “नी मलकोव्वा, कूसिन्न ना नोडतीनि.” तू झोप बाई, बाळाला मी बघते.

त्या दिवसापासून रात्रीची वाटणी झाली. नऊ ते एक मी आतल्या खोलीत झोपायची. मधल्या वेळचं दूध आधीच काढून ठेवायची, ते हे वाटी-चमच्यानं पाजायचे. एकनंतर माझी पाळी. पहाटे पाचचं पाजून झालं की बाळ अत्तींकडं. गादीवर बसल्या बसल्या त्यांचं जोगुळ सुरू व्हायचं. माझ्या आईची अंगाई आणि त्यांचं जोगुळ, सुरुवात दोन्हींची ‘जो जो’नंच! सलग चार तासांची झोप मिळू लागली आणि आठवड्यात मी माणसात आले.

डॉक्टरांनी समजावलेल्या चार गोष्टी सांगते. नवजात बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट लहान, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी भूक लागते. दिवस-रात्रीचा फरक त्याला दोन-तीन महिन्यांनंतर हळूहळू कळू लागतो. म्हणून दिवसा उजेडात ठेवावं, रात्री मंद दिवा, कमी बोलणं. झोपवताना पाठीवरच झोपवावं. डोळे मिटत असतील तर खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळाला घेऊन बसू नये. झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून द्यायचं आमच्या मनात होतं. डॉक्टरांनी साफ नको म्हटलं. सहा महिने फक्त आईचं दूध.

आणखी एक. उदासी, रडू, बाळाविषयी नकोसेपणा दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, किंवा बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, तर ‘नुसता थकवा’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं, कन्नडमध्येही आणि मराठीतही.

बाळंतिणीला भेटायला जाताना आपण डिंकाचे लाडू नेतो, सासरचे अंटिन उंडी नेतात. जरूर न्या. पण चहासाठी तिला उठवू नका. हातपाय धुऊन बाळाला मांडीवर घ्या आणि तिला म्हणा, “दोन तास झोप, मी आहे.”