‘सुहैली’ : मुंबईच्या मिस्त्रींच्या हातची नौका

वाकोला, कुर्ला, जोगेश्वरी या भागांत लाकूडकामावर रोजी कमावणारे आपले अनेक बांधव आहेत. दिवाण, कपाटे, दरवाजे घडविणाऱ्या या कारागिरांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की एकट्या माणसाने कोठेही न थांबता शिडाच्या नौकेतून पृथ्वीची पहिली फेरी पूर्ण केली, ती नौका मुंबईची होती? सागवानाची होती, आणि आपल्याच सुतारांनी वाकस चालवून घडविली होती.

नौकेचे नाव ‘सुहैली’. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींवरील तरुण अधिकारी. ही ‘बी. आय.’ कंपनी कोकणातील जुन्या खलाशी घराण्यांना नवी नाही, तिच्या बोटी मुंबईहून आखातात जात असत. मराठीत ज्याला अगस्त्य म्हणतात त्या ताऱ्याचे अरबी नाव सुहैल, आणि आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणत. साहेबाने नाव घेतले ते नाखुदांच्या भाषेतून. आपल्याकडचा ‘नाखवा’ही त्याच नाखुदाचा.

बांधणीची सुरुवात चुकीने झाली. रॉबिन व त्याच्या सोबत्यांनी इंग्लंडहून एका नौकेचे नकाशे मागविले, आले दुसरीचेच. नॉर्वेच्या जुन्या बचाव-नौकांच्या धर्तीवर अमेरिकेचे विल्यम अॅटकिन यांनी आखलेली ‘एरिक’ नावाची, दोन्ही टोकांना निमुळती, जड आणि संथ नौका. परत पाठवायला ना वेळ होता ना पैसा, तेव्हा तीच बांधायला घेतली. कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये ३२ फुटांची ही नौका उभी राहिली. विजेची यंत्रे जवळपास नव्हतीच. वाकस, पटाशी आणि दोरीच्या कमानीने फिरवायचा बरमा, एवढ्यावर काम. १९ डिसेंबर १९६४ रोजी ती पाण्यात उतरली, तेव्हा मालकाचे वय २५ होते.

पुढच्या वर्षाअखेर तो आपला भाऊ आणि एका मित्रासह मुंबईहून निघाला. दक्षिण आफ्रिकेत पैसे संपले, तेथे थांबून कामधंदा करावा लागला. मग केप टाऊनहून लंडनपर्यंत ७४ दिवस, मध्ये एकही बंदर न घेता. इंग्लंडला पोहोचल्यावर जगप्रदक्षिणेची कल्पना त्याच्या मनात आली, परंतु सुहैलीतून नव्हे. त्याला नवी, मोठी, पोलादी नौका हवी होती. भांडवल कोणी दिले नाही, सुहैलीलाही गिऱ्हाईक मिळाले नाही. अखेर १४ जून १९६८ रोजी तो फालमथ बंदरातून निघाला तो याच नौकेतून. नाइलाजाने हाती राहिलेला माल कामाला आला, असे धंद्यातही अनेकदा होते.

थोड्याच आठवड्यांत नौका गळू लागली. आपल्या कारागिरांनी नीट वाचावा असा हा भाग आहे. नौकेच्या तळाशी कणा असतो आणि त्याला लागून पहिली फळी बसते. लाटांच्या ताणाने हा सांधा सर्वांत आधी उघडतो. सांध्यांत कापसाचे सूत ठोकून बसवितात, त्याला कलाफत म्हणतात. हा शब्दही मूळचा अरबीच. रॉबिनने बुडी मारून पाहिले, तर दोन्ही बाजूंना सुमारे आठ-आठ फूट सांधा उघडा पडला होता. पाण्याखाली ठोकलेले सूत ठरेना, नौका हलली की बाहेर येई. मग त्याने युक्ती केली. कॅनव्हासच्या पट्टीवर सूत शिवले, ती डांबरात भिजविली, तांब्याच्या चुका मारून सांध्यावर बसविली, आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. मध्येच एक शार्क आला, त्याला गोळी घालावी लागली. एका श्वासात एक-दोन चुका, पुन्हा वर, पुन्हा खाली. दुरुस्ती टिकली.

पुढे दक्षिण महासागरात नौका आडवी झाली, छप्पर हलले, पिण्याचे पाणी खराब झाले, रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारे साधन मोडले. शेवटचे काही महिने तो जिवंत आहे की नाही हेही कोणास ठाऊक नव्हते. २२ एप्रिल १९६९ रोजी सुहैली फालमथला परतली, ३१२ दिवसांनी. शर्यतीत नऊ जण उतरले होते, पोहोचला एकटा तोच. बक्षिसाचे ५,००० पौंड त्याने शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

आता मालाविषयी. सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून ते कुजत नाही, किडा लागत नाही. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंड खाते, सागवान तसे करीत नाही. तरीही खाऱ्या पाण्यापुढे लोखंडाचे काही चालत नाही. सुहैली लोखंडी खिळे-बोल्टांनी जोडलेली होती. लाकूड शाबूत राहिले, खिळे गंजले. कुरआनात हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांच्या नौकेचा उल्लेख फळ्या आणि खिळ्यांची म्हणून येतो. फळी आणि खिळा, दोन्ही सारख्याच तोलाचे. आपण मात्र लाकडाला हजारो मोजतो आणि बिजागऱ्या-स्क्रू स्वस्तातले आणतो.

दुसरी गोष्ट. १९९७ मध्ये सुहैली लंडनमधील ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवली गेली. मान मोठा, पण कोरड्या हवेत फळ्या आक्रसू लागल्या. २००२ मध्ये मालकाने तिला बाहेर काढून पुन्हा पाण्याकडे नेले. लाकूड ओलीने रुंदीत फुगते, कोरडेपणाने आक्रसते, लांबीत मात्र फारसे बदलत नाही. वाकोल्याच्या गाळ्यात ऐन पावसाळ्यात जोडलेले टेबल बांद्रा-कुर्ला संकुलातील वातानुकूलित ऑफिसात गेले, की दोन महिन्यांत चिरते आणि गिऱ्हाईक मिस्त्रीला शिव्या घालते, त्याचे कारण हेच. लाकूड आधी मुरू द्यावे, रुंद फळीला सरकायला जागा ठेवावी, चारही बाजूंनी सरसाने जखडू नये.

आणि नावाचे काय? मुंबईत १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे, आणि तिच्याबरोबर पारशी वाडिया घराण्याचे नाव घेतले जाते. सुहैलीबरोबर नाव निघते ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनचे. कुलाब्याच्या मिस्त्रीचे नाव तुम्हा-आम्हांपैकी कोणी सांगू शकेल? अभिलाष टॉमी या भारतीय नौदल अधिकाऱ्यासाठी सुहैलीच्याच धर्तीची ‘थुरिया’ २०१७ मध्ये बांधली गेली, ती गोव्यात. काम गोव्याच्या रत्नाकर दांडेकरांकडे गेले, कारण ‘म्हादेई’ बांधणारा म्हणून त्यांचे नाव लोकांना माहीत होते. मुंबईच्या कारागिराचे हुनर कमी होते म्हणून ते काम गेले असे नाही. त्याला शोधायचे कोठे, हेच कोणाला माहीत नव्हते. आपल्या गाळ्यातून बाहेर पडणाऱ्या कपाटाच्या आतल्या बाजूस नाव, साल आणि पत्त्याची लहानशी पट्टी ठोकायला खर्च तो किती?

म्हातारपणी रॉबिनने सुहैलीचे गंजलेले लोखंड एकेक करून काढले आणि ब्राँझचे बसविले, बरेचसे स्वतःच्या हातांनी. १४ जून २०१८ रोजी, पहिल्या प्रस्थानाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ती फालमथच्या पाण्यावर होती. फळ्या बहुतेक त्याच, मुंबईहून गेलेल्या.