मंडईचा पाला, पाषाणची चाळण

संध्याकाळी पुण्याच्या महात्मा फुले मंडईतले गाळे आवरू लागले, की 1886 च्या त्या अष्टकोनी इमारतीभोवती कोबीची पानं, मेथीच्या काड्या, पिचलेले टोमॅटो उरतात. असा पाला बंद टाकीत कुजवला तर बायोगॅस मिळतो. त्यात जळणारा मिथेन साधारण 55 ते 65 टक्के; उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, नुसता जागा अडवणारा. गाडीत भरायचा तर मिथेन किमान 90 टक्के हवा. हे दोघे वेगळे करण्याचा मला सर्वांत देखणा वाटणारा मार्ग याच शहरात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पुढे नेला गेला: पॉलिमरचा पातळ पापुद्रा, म्हणजे मेम्ब्रेन.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू 0.33 नॅनोमीटरचा, मिथेनचा 0.38. एवढ्याशा फरकावर चाळण लावायची! पॉलिमर सैल असेल तर वायू भराभर जातो, पण मिथेनही निसटतो. घट्ट असेल तर निवड चोख, काम मात्र रेंगाळतं. लॉइड रोबसन यांनी 1991 मध्ये ही मर्यादा आलेखावर रेघ ओढूनच दाखवली. ती ओलांडायची म्हणून पॉलिमरमध्ये सच्छिद्र स्फटिकांचे नॅनोकण मिसळतात.

उन्हाळ्यात पळीपापड घातलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. कणांच्या गुठळ्या झाल्या, की पापुद्रा तिथेच कच्चा राहतो. कण आणि पॉलिमर यांच्यात फट राहिली, तर सगळा वायू त्या फटीतूनच पळतो. कणातल्या छिद्रांना कोणी विचारत नाही.

पुण्यातल्या कामाची खुबी इथे आहे. उल्हास खरुल पॉलिबेन्झिमिडाझोलचे जाणकार, राहुल बॅनर्जी सच्छिद्र स्फटिकांचे. या पॉलिमरच्या साखळ्या मुळात फार दाटीनं बसतात. त्यांवर ब्युटिलचे जाडजूड झुपके चढवून त्या दूर ठेवल्या. 2014 मध्ये त्यात झिफ-8 मिसळल्याचं काम प्रसिद्ध झालं. झिफ-8 म्हणजे जस्त आणि मिथाइल-इमिडाझोल यांचं जाळं. त्याचं दार 0.34 नॅनोमीटरचं, दोन्ही रेणूंच्या मापांमधलं. थोडं लवचीक, म्हणून मिथेनही काहीसा शिरतोच. पण इमिडाझोलचं कडं स्फटिकातही आहे आणि पॉलिमरमध्येही. ही रसायनातली सोयरीक मला फार आवडते: बाहेरून डिंक लावावा लागत नाही.

सपाट पापुद्रा कारखान्यात फार जागा खातो. म्हणून 2015 मध्ये त्यांनी याच पॉलिमरची पोकळ सुतं घेतली आणि त्यांच्या आतल्या किंवा बाहेरच्या, हव्या त्या अंगावर झिफ-8 चा थर वाढवून दाखवला.