वडीलधाऱ्यांची कंबर आणि ‘अश्वपुच्छ’

यमुनेकाठी १९७६ साली वसविलेल्या नोएडात मुलाकडे राहावयास आलेली एखादी मराठी आजी गुळगुळीत फरशीवर बसकन आपटते, किंवा बादली उचलताना तिच्या कंबरेत उसण भरते. दोन दिवसांत उतरेल, असे सारे घर म्हणते. परंतु वाचकहो, साठीनंतरची अशी उसण कित्येकदा मणक्याचा अस्थिभंग असतो. दिल्लीतील पन्नाशी उलटलेल्या सुमारे आठशे जणांच्या पाहणीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरांमागे सुमारे अठरा जणांचे मणके चेपलेले आढळले. हे केवळ बायकांचे दुखणे, ही समजूतही खोटी ठरली, कारण पुरुषांचे प्रमाण जवळजवळ तेवढेच होते.

मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तेथून खाली मज्जातंतूंचा जुडगा लोंबत जातो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्यास ‘अश्वपुच्छ’ म्हणतात. येथील पोकळी ऐसपैस असल्यामुळे बहुतेकांचे तंतू बचावतात. मात्र ठिसूळ मणक्याचा तुकडा मागे सरकला, तर ते चेंगरतात. हे कधी त्याच दिवशी घडते, कधी काही आठवड्यांनी. मणका असा उशिरा ढासळतो, हे हॅम्बुर्गचे शल्यविशारद हेर्मान क्युमेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सांगितले होते. त्याखालच्या त्रिकास्थीचा भंग तर साध्या क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसतही नाही.

तंतू चेंगरले म्हणजे घोड्यावर मांड ठोकली असता खोगिराला टेकणारा भाग बधिर होतो. लघवी तुंबते किंवा नकळत झिरपते, शौचावरील ताबा सुटतो, पाऊल उचलत नाही. पण आपल्या घरांतून हे बोलून दाखविणार कोण? सासरे सुनेला सांगत नाहीत, आई मुलाला सांगत नाही. म्हणून आपणच स्पष्ट विचारावे, “आई, लघवी झालेली कळते ना?” उत्तर नकारार्थी आले, तर रात्र असो वा सण, एमआरआयची सोय आणि मणक्याचे शल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठावे. तंतूंवरील दाब दूर करण्याची घाई तासांच्या हिशेबाने करावी लागते. उशीर झाल्यास लघवीची नळी जन्माची सोबतीण होण्याचा संभव असतो.

दुखऱ्या पाठीवर नातवाला चालविणे किंवा मालीशवाल्याकडून कंबर ‘बसवून’ घेणे कटाक्षाने टाळावे. तंतू शाबूत असतील, तर थोडी विश्रांती, वेदनाशामक औषध आणि हळूहळू चालणे एवढ्याने बहुतेकांना उतार पडतो. तरीही नुसत्या पट्ट्यावर भागवू नये. हाडांची घनता आणि रक्तातील ड जीवनसत्त्व तपासून औषध सुरू करावे, कारण एक मणका मोडला की दुसरा मोडण्याचा धोका पुष्कळच वाढलेला असतो.