खानावळीचे ताट

गिरणगावाचा इतिहास सांगू लागले की लोक संपांच्या तारखा विचारतात. 18 जानेवारी 1982 ही तारीख तर सर्वांना पाठ असते. परंतु ज्या सुमारे अडीच लाख कामगारांनी त्या दिवसापासून काम बंद ठेवले, ते रोज काय जेवत आणि कोणाच्या हातचे जेवत, हे सहसा कोणी विचारीत नाही. मी स्वतः युनियनचे काम करतो. माझी आई परळच्या एका चाळीत खानावळ चालवीत असे, तरीही हा प्रश्न मला बरीच वर्षे सुचला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. दहा बाय बाराची खोली, तीत घरची माणसे, आणि पाळीपाळीने जेवून जाणारे वीस-बावीस मेंबर. कोकणातून किंवा घाटावरून गडी एकटाच आलेला, बायकामुले गावी. झोपायला गाळ्यात पथारीपुरती जागा आणि जेवायला खानावळ. पहिल्या पाळीचे डबे पहाटेच भरावे लागत, आणि ते भरून होतात तोच रातपाळीचे लोक जेवायला येत. चूल थंड होण्याची सोयच नव्हती.

ताटावरून भांडणेही होत. कोकणच्या माणसाला भात हवा, तांदळाची भाकरी हवी, कुळथाची पिठी हवी. सातारा-कोल्हापूरच्या माणसाला ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले आणि ठेचा मिळाला नाही तर तो जेवलाच नाही म्हणे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते गरम पाण्यात मळून एकेक भाकरी हाताने थापावी लागते. माणशी तीन धरल्या तरी वेळेला साठ-सत्तर भाकऱ्या होतात. आईच्या तळहाताला भाकरीसारखेच चट्टे पडले होते.

मात्र सुक्या मासळीवर दोघांचे एकमत असे. बोंबील हा अंगात फार पाणी असलेला मासा, ताजा टिकत नाही. म्हणून किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर तो उन्हात वाळवितात. मग तो पावसाळाभर टिकतो. जवळा भाजून त्यात कांदा, तिखट आणि कोकम घातले की मूठभर कालवणावर दोन भाकऱ्या सहज जातात. ज्याला पगारातून गावी मनीऑर्डर करायची आहे, त्याला याहून स्वस्त आणि चवदार काय मिळणार? कष्टकऱ्यांची शिदोरी सगळीकडे अशीच हिशेबी असते. दूर फिनलंडात, सावो प्रांतात, राईच्या पिठाच्या जाड कवचात मासे आणि डुकराची चरबी भरून तासन्‌तास भाजलेला ‘कालाकुक्को’ नावाचा पदार्थ आहे. रानात कामाला जाणारा माणूस तो तसाच बरोबर नेई. डबा आणि जेवण एकच! आमच्या जवळा-भाकरीचा तो थंड प्रदेशातला भाऊच म्हणायचा.

1948 च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे कँटीनची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला होता. आम्ही युनियनवाले त्या कलमासाठी भांडलो. पण खानावळवालीचा रोजगार कोणत्या कायद्यात बसतो, याचा विचार आम्ही केला नाही. ती वाण्याकडून उधारीवर धान्य आणी, सावकाराला व्याज भरी, आणि मेंबरला मात्र पगार होईपर्यंत बिनव्याजी जेवू घाली. वर खाडे कापून द्यायचे ते निराळेच! प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि तारण ठेवायला स्वतःच्या नावावर काही नसलेल्या चौदा बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. संपाच्या काळात कामगाराला उधारीवर कोण जगविते, हे त्यांनी पाहिले होते.

1982 साली मी शाळकरी होतो. आमचे निम्मे मेंबर गावी गेले, उरलेले जेवत राहिले. आईची त्या वर्षीची वही अजून घरात आहे. मार्चनंतर तीत रुपयांचे आकडे नाहीत. नावांपुढे जेवणाच्या नुसत्या रेघा आहेत. अशी अकरा नावे आहेत. त्यांपैकी तिघे पुढे कधीतरी येऊन पैसे देऊन गेले. एकाने पैशांऐवजी गावचे तांदूळ आणले. बाकीच्यांकडे आई कधी मागायला गेली नाही. गिरणीच सुटलेल्या माणसाला शोधायला जायचे तरी कोठे?